मुद्रितशोधकाने ओढलेली तार

आमच्या मजल्यावर, जिन्याच्या भिंतीला, छतापासून चार बोटं खाली एक तार गेलेली आहे. दर वीतभर अंतरावर एक क्लिप. अंतर कुठेही मोजा, वीत म्हणजे वीतच भरेल. ती तार मी ओढली. हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात इतक्या लोकांना ऐकवलंय की समोरून मला येताना पाहिलं की काही शेजारी चप्पल शोधायच्या निमित्ताने परत घरात जातात. तुम्ही अजून ऐकलेलं नाही, म्हणून सांगतो.

मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. शाळेची पुस्तकं, कायद्याची पुस्तकं, औषधाच्या बाटलीबरोबर येणारा तो घडीघडीचा कागद, असं सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं. अनुस्वार निसटला तर मला तो कागद दुमडलेला असतानाही जाणवतो, असं आमचे मालक म्हणतात. घरच्या दुरुस्त्यांत मात्र माझा वाटा स्टूल धरण्यापुरताच. आमचे सासरे टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करायचे. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी राहायला आले तेव्हा त्यांनी मला दिव्याचा होल्डर बदलताना पाहिलं, आणि मुलीला म्हणाले, "जावई वाचायला चांगले आहेत." एकवीस वर्षं मी ते वाक्य तपासतोय. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, हेच त्याचं दुःख आहे.

आता बायकोचं काम. ती सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. कर्णबधिर माणूस दवाखान्यात, कचेरीत, बँकेत जातो. समोरचा बोलतो ते ही हातांनी त्याला सांगते, तो हातांनी बोलतो ते ही तोंडाने समोरच्याला सांगते. हल्ली बरंचसं काम घरूनच, मागच्या खोलीतून, व्हिडिओवर चालतं. तिथेच सगळं अडलं. इंटरनेटचा डबा आमच्या बाहेरच्या खोलीत, आणि मधे तीन भिंती, एक लोखंडी कपाट आणि फ्रिज. चांगली घोडदौडीची लाइन घरापर्यंत येत होती आणि मागच्या खोलीत पोचेपर्यंत तिला धाप लागत होती. ऐकू येणाऱ्यांच्या संभाषणात चित्र थांबलं तर आवाज तरी चालू राहतो. इथे चित्र म्हणजेच बोलणं. हात हवेत थांबला की वाक्य तिथेच मेलं.

एका कारखान्यातला लेथ चालवणारा कारागीर, जन्मापासून ऐकू न येणारा, फोरमनच्या जागेसाठी मुलाखत देत होता. समोर तीन अधिकारी, मधे आमची बायको. मुलाखतीत चित्र चार वेळा गोठलं. अधिकाऱ्यांनी टिपणात लिहिलं, 'उत्तर देताना अडखळतो.' तो अडखळला नव्हता. आमची भिंत अडखळली होती. बायकोने त्या लोकांना पत्र लिहिलं, फोन केले, पुन्हा पत्र लिहिलं, आणि तीन आठवड्यांनंतरची दुसरी तारीख मिळवली. त्या संध्याकाळी ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून होती. दिवसभर बोलणारे ते हात असे पडलेले मला बघवेनात.

"मी करतो काहीतरी," मी म्हणालो.

"तुम्ही?" ती म्हणाली. तिच्या आवाजात संशय नव्हता, कुतूहल होतं. ते जास्त लागतं.

संगणकाच्या दुकानदाराने मला एक पांढरी तबकडी दिली. मोठ्या थाळीएवढी. ही मागच्या खोलीच्या छताला लावायची, बाहेरच्या खोलीतून एक तार तिला आणून जोडायची, आणि मग ती त्या खोलीत वेगवान वाय-फाय पसरवते. "सेकंदाला अडीच गिगा," तो म्हणाला. मी मान डोलावली. गिगा म्हणजे पुष्कळ, एवढं मला माहीत होतं, आणि अडीच म्हणजे त्याहून पुष्कळ.

घरी येऊन खोकं उघडलं तर आत तबकडी, चार स्क्रू आणि नऊ भाषांतलं माहितीपत्रक, ज्यातल्या आमच्या भाषेत सात चुका. विजेचा प्लग नाही. मी तस्साच परत गेलो. फसवला गेलेला ग्राहक कसा चालतो ते मला ठाऊक आहे. मी तसा चालत गेलो.

"याला प्लग नसतो," दुकानदार शांतपणे म्हणाला. "वीज त्याच तारेतून जाते. इंटरनेट आणि वीज, दोन्ही एकाच तारेतून. तुम्हाला फक्त एक स्विच लागेल."

"आमच्याकडे प्रत्येक भिंतीवर स्विच आहेत," मी म्हणालो.

दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही एकाच वेळी काचेच्या कपाटात काहीतरी बघायला वळली. मग दुकानदाराने मला एक चपटा धातूचा डबा दाखवला. तारा जोडायला पुढे भोकं असलेल्या या डब्यालाही स्विच म्हणतात, आणि तारेत वीज सोडायचं काम तो करतो. एका शब्दाला दोन अर्थ असले की वाक्यात खुलासा करावा, असा आमच्या धंद्याचा नियम आहे. त्यांच्या धंद्यात तो नाही.

तार घरातल्या घरात न्यायची तर मधल्या सिमेंटच्या खांबाला भोक पाडावं लागलं असतं, आणि इमारत पडली तर वेग वाढूनही उपयोग नव्हता. म्हणून पुढच्या दारावरून बाहेर, जिन्याच्या भिंतीवरून, आणि मागच्या खोलीच्या झरोक्यातून आत, असा रस्ता ठरला. जिना सगळ्यांचा. त्यामुळे सेक्रेटरीची परवानगी आली.

आमचे सेक्रेटरी निवृत्त माणूस. त्यांच्याकडे दोन अर्ज होते. एक विजेच्या तारेचा: त्याला परवानाधारक वायरमनचा दाखला, लोखंडी नळी आणि समितीची बैठक. दुसरा टेलिफोन व तत्सम तारेचा: त्यात खाली एकच ओळ, 'या तारेतून वीज वाहत नाही याची मी हमी देतो.'

"तुमची तार कुठली?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण छापील हमीखाली खोटी सही करणं माझ्या हातून होत नाही. मी म्हणालो, "दोन्ही."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे विमा प्रतिनिधी जिना चढत येत होते. ते थांबले. लोकांच्या घरी काय काय होऊ शकतं, यावरच त्यांचा संसार चालतो. "म्हणजे इंटरनेटमधून करंट येणार?" ते म्हणाले. "आणि तो वाय-फायमधून हवेत? आमच्याकडे माशांची टाकी आहे हो."

मी त्यांना समजावलं की वीज तबकडीपर्यंतच जाते, आणि तीही अगदी सौम्य, शिवाय समोर तबकडी नसेल तर तो डबा वीज सोडतच नाही. आधी चौकशी करतो, मगच देतो. "चौकशी कोण करतं?" सेक्रेटरींनी विचारलं. मी म्हणालो, "डबा." त्यांनी अर्ज फाइलमध्ये परत ठेवले.

चार दिवस मी वायरमनच्या मागे फिरलो. तो म्हणाला, ही टेलिफोनवाल्याची तार आहे, मी दाखला देणार नाही. टेलिफोनवाला म्हणाला, हिच्यात वीज आहे, मी हात लावणार नाही. बसमध्ये दोन आसनांच्या मधल्या फटीत बसलेल्या माणसासारखी माझी गत झाली. शेवटी रविवारच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि खिशातली लाल पेन्सिल काढली. दुसऱ्या अर्जातल्या ओळीत, 'वीज' या शब्दाआधी, टोपीची खूण करून मी एकच शब्द आत घातला: 'घातक'. 'या तारेतून घातक वीज वाहत नाही याची मी हमी देतो.' शिवाय समासात 'तत्सम'च्या 'त्स'ची जोडणीही दुरुस्त केली. समितीने ती ओळ हातोहात फिरवून वाचली. मग सेक्रेटरी म्हणाले, "असं असेल तर हरकत नाही." छापखान्यात इतकी वर्षं काढली, एका शब्दाने एवढं मोठं दार उघडलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

तार मीच ओढायची ठरवलं. त्याला कारण होतं. त्याच आठवड्यात सासरे राहायला आले होते. खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि पानाच्या वरून स्टुलावर चढलेल्या माझ्याकडे बघायचे.

तार ओढली, क्लिपा ठोकल्या. आता टोकं. त्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन दोनांच्या पीळ घातलेल्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरी पट्टेवाली जोडीदारीण. त्या ठरलेल्या क्रमाने सरळ लावून पारदर्शक टोपणात सरकवायच्या आणि चिमट्याने दाबायच्या. मी क्रम पाठ केला. अकरा टोपणं वाया गेली, अंगठ्याला फोड आला, पण बारावं बसलं. दुसऱ्या टोकालाही हुबेहूब तसंच. दुकानदाराने दिलेल्या तपासणीयंत्रावर एक ते आठ दिवे ओळीने पेटले. मी ते सासऱ्यांच्या समोर दोनदा पेटवून दाखवले. त्यांनी पान उलटलं.

तबकडी मात्र धड जागी होईना. अर्धवट डोळा उघडल्यासारखी मिणमिणायची आणि पुन्हा बसायची. चौकशीअंती कळलं की दुकानदाराने दिलेला डबा प्रत्येक तारेला पंधरा वॅट देणारा, आणि तबकडीची भूक जवळजवळ दुप्पट. तिचं पोटच भरत नव्हतं. डबा बदलून तीस वॅटवाला आणला. तबकडी लख्ख जागी झाली. बायकोने टाळी वाजवली. मी स्टुलावरून उतरताना जरा सावकाश उतरलो, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं.

आणि वेग आला पूर्वीपेक्षाही कमी.

मी दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, "डब्यावरचा दिवा कुठला आहे? हिरवा असेल तर अडीच गिगा, पिवळा असेल तर तार रडतेय."

"हिरवा," मी ठामपणे म्हणालो.

"मग तार उत्तम आहे. दोष दुसरीकडे शोधा."

मी दुसरीकडे शोधला. इंटरनेट कंपनीशी चार दिवस भांडलो. बायकोच्या लॅपटॉपवर संशय घेतला. खाली जाऊन विमा प्रतिनिधींना माशांच्या टाकीचा पंप तासभर बंद ठेवायला लावला. आपला करंट नाही तर त्यांचा पंप, अशा नजरेने मी त्या माशांकडे बघितलं. दर वेळी दुकानदार तेच विचारायचा आणि मी तेच सांगायचो. मुलाखत परवावर आली. बायको म्हणाली, "मी त्या दिवशी मैत्रिणीच्या ऑफिसात जाऊन बसते. तुम्ही खूप केलंत." खूप केलंत, हे वाक्य हरलेल्या माणसासाठीच राखलेलं असतं.

ती आत गेली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, जरा बघता का?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा बदलला, आणि डब्यापाशी गेले. एक नजर टाकून म्हणाले, "दिवा पिवळा आहे."

"हिरवा आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तारेचं टोक काढून खिडकीच्या उजेडात धरलं. तिकडचंही टोक काढायला लावलं. ते दोन्ही शेजारी धरून म्हणाले, "हिरवीच्या जागी तपकिरी आहे आणि तपकिरीच्या जागी हिरवी. दोन्ही टोकांना."

"दोन्हीकडे सारखीच आहे ना? मग बरोबरच झालं की. आठही दिवे पेटतात."

"दिवे पेटणारच. वीजही जाणार. इकडची तार तिकडे पोचते आहेच. पण प्रत्येक रंगाला तिच्या पांढरीबरोबर पीळ दिलेला असतो, तो उगीच नाही. त्या पिळामुळे एकीचं बोलणं दुसरीत जात नाही. तुम्ही हिची जोडीदारीण तिला दिलीत. हळू बोलणं कसंबसं चालतं. भरभर बोलायला लागलं की सगळा गोंगाट. आमच्याकडे याला जोडी फुटली म्हणायचे. यंत्राला सापडत नाही, माणसाला सापडतं." मग त्यांनी तारेचा एक तुकडा सोलून दोन बारीक तारा माझ्यापुढे धरल्या. "यातली हिरवी कुठली?"

"ही. गडद आहे ती."

त्यांनी मुलीला हाक मारली. बायको आली, तारांकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं, आणि पदर सावरल्यासारखं करून हसू दाबलं. "अहो, म्हणून तुम्ही माझ्या त्या हिरव्या शालीला चॉकलेटी म्हणता होय? मला वाटायचं, लक्षच नसतं तुमचं."

छापखान्यात मी कित्येकदा एक हिरवा आणि एक तपकिरी मोजा घालून जात होतो, आणि तिथे सगळे ती विद्वत्तेची लकब समजत होते, हेही मला त्याच दिवशी कळलं. माझं सगळं आयुष्य पांढऱ्यावरच्या काळ्यात गेलं. तिथे रंगाची परीक्षा कोण घेणार? जगातल्या बारीकातल्या बारीक चुका पकडणारे माझे डोळे, आणि त्यांत ही एवढी ढळढळीत चूक, कोणीही खूण न करता छापून गेलेली. मी खुर्चीत बसलो.

मला वाटलं, आता सासरे बाह्या वर सारतील आणि काम उरकतील. त्यांनी चिमटा उचलला आणि माझ्या हातात दिला. "माझे हात आता कापतात," ते म्हणाले. "मी रंग सांगतो, तुम्ही दाबा."

त्यांनी रंग सांगितले, मी दाबलं. दोन्ही टोकं, एकही टोपण वाया न घालवता. सासऱ्यांनी टोपण उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. "बरं दाबता," ते म्हणाले. डब्यावर दिवा लागला. कुठला ते मी विचारलं नाही. बायकोचा चेहराच पुरे होता.

"आता एक बॅटरीचा डबा आणा," सासरे म्हणाले. "इंटरनेटचा डबा आणि हा स्विच, दोन्ही त्यावर लावा. आमच्या वेळी गावभरची वीज गेली तरी टेलिफोन वाजायचा. का? त्याची वीज तारेतून यायची, एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून. तीच युक्ती आहे ही. नवीन काही नाही."

एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी गुपचूप जाऊन बॅटरी आणली.

मुलाखतीच्या दिवशी अकरा वाजता बायको मागच्या खोलीत बसली. पडद्यावर एका चौकोनात तीन अधिकारी, एका चौकोनात कारागीर, इस्त्रीचा सदरा, हात टेबलावर. मी आणि सासरे बाहेर, दार फटीएवढं उघडं. चित्र पाण्यासारखं चाललं होतं. त्याची बोटं इतकी भरभर फिरत होती की मला ती मोजता येत नव्हती, पण एकही बोट तुटत नव्हतं, आणि बायकोचा आवाज मागोमाग न थांबता येत होता: नवीन माणसाला मशीनवर घेताना तो आधी काय शिकवतो, माप चुकलं तर जबाबदारी कोणाची, मशीन बिघडलेलं त्याला ऐकू न येता कसं कळतं. "तो म्हणतो, पायाला कळतं," बायको म्हणाली. "जमिनीतून. बाकीचे आवाजाची वाट बघतात, मी त्याच्या आधी थांबवतो."

अकरा वीसला पंखा थांबला. फ्रिज गप्प झाला. जिन्यातून सेक्रेटरींचा आवाज आला, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती आहे, अर्धा तास वीज बंद. त्यांनी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं म्हणे. मी तिथेच भिंतीला टेकलो.

सासऱ्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि छताकडे बोट केलं.

सगळ्या इमारतीतले दिवे-पंखे बंद पडले होते, आणि छतावर ती तबकडी आपला बारीक दिवा लावून शांत बसली होती. बाहेरच्या खोलीतल्या बॅटरीतून, स्विचमधून, दारावरून, जिन्यातून, एकेका क्लिपेखालून, मी दाबलेल्या टोकांतून तिची वीज तिच्यापर्यंत येत होती. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर. पडद्यावरचे अधिकारी पुढे झुकून ऐकत होते. बायकोला वीज गेल्याचा पत्ताही नव्हता. आणखी अठरा मिनिटं ती मुलाखत चालली. त्या अठरा मिनिटांत सेक्रेटरी तार तपासायला वर आले होते, सासऱ्यांनी त्यांना दारातच ओठांवर बोट ठेवून उभं केलं, आणि कानात म्हणाले, "वीज गेली आहे आणि काम चालू आहे. तार आमच्या जावयांनी ओढली." मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं नाही असं दाखवायला इतके कष्ट मला कधी पडले नव्हते.

नवव्या दिवशी तो कारागीर स्वतः घरी आला. आता फोरमन. आधी बायकोपुढे हात जोडले, मग हातांनी भराभर काहीतरी बोलला. बायको म्हणाली, "तो विचारतोय, चित्र इतकं स्वच्छ कोणी केलं?"

मी पुढे झालो. त्याला बाहेरच्या खोलीत नेलं, डबा दाखवला, बॅटरी दाखवली, जिन्यात नेऊन तार दाखवली, मागच्या खोलीत आणून छतावरची तबकडी दाखवली. प्रत्येक ठिकाणी मी सविस्तर बोलत होतो. बायकोने दुसऱ्या क्लिपेनंतर हातांनी सांगणं सोडून दिलं होतं, हे मला मागाहून कळलं. तो मात्र मन लावून बघत होता. एका टोकापाशी थांबून त्याने अंगठ्याने टोपण हलवून पाहिलं, ते हललं नाही, आणि त्याने माझा अंगठा धरून त्यावरचा फोडाचा वण पाहिला. मग बायकोकडे वळून त्याने मान उंच ताणली, डोळे छताला लावले, तोंड अर्धवट उघडं ठेवलं, आणि हनुवटीखाली अंगठा आणि बोट चिमट्यासारखं दोनदा दाबलं.

सासरे आणि बायको दोघंही हसायला लागले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"नाव ठेवलं तुमचं," बायको डोळे पुसत म्हणाली. "त्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. आपण मागायचं नसतं, त्यांच्यापैकी कोणीतरी द्यावं लागतं. मला माझं मिळायला तीन वर्षं लागली होती."

ते नाव मी आरशासमोर उभा राहून रोज घेऊन बघतो. बोटं बरोबर दाबली जातात. बायको म्हणते, मान अजून थोडी ताणायला हवी, आणि तोंड एवढं मिटून चालणार नाही.